कर्नल साबितोव यांचा मृत्यू

सराव सुरू होऊन हातातला चहाही निवला नव्हता, तेवढ्यात कर्नल साबितोव मेले.

म्हणजे छातीवर लाल रंगाचा भलामोठा डाग घेऊन ते इली नदीकाठच्या माळावर थिजून उभे होते. रंग मारणारी बंदूक त्यांच्याच बाजूची होती. चार चाकांची, शत्रू स्वतःच ओळखून चापही स्वतःच ओढणारी. कॅडेट तोलेगेनला तिचं भारी कौतुक. "हिला भूक नाही, झोप नाही, मन नाही. मध्ये माणूस हवाच कशाला?" असं तो सकाळपासून सगळ्यांना ऐकवत होता. हात उगारेल तो शत्रू, हे तिला शिकवलं त्यानंच. कर्नलनी काठी उगारली होती ती समोरची टेकडी दाखवायला.

"कोण रे तो गाढव—"

"साहेब, तुम्ही मेलात," तोलेगेनच्याच तुकडीतली शोलपान म्हणाली. "रंग लागला की आडवं व्हायचं, बोलायचं नाही. नियम तुमचाच आहे."

कर्नल आ वासून तिच्याकडे बघत राहिले. मग खरोखरच गवतात आडवे झाले.

"बंद करा ते धूड!" शेजारी उभ्या मेजरनी बोट दाखवलं. फट्! मेजरही आडवे.

आता हुकूम तुकडीप्रमुखाचा, आणि प्रमुख होता तोलेगेन. बंद करायची कळ बंदुकीच्या पाठीमागे होती.

"कोण जातंय? हात वर करा."

सगळ्यांचे हात मांड्यांना चिकटले.

"आधी तू करून दाखव!" मागून कोणीतरी म्हणालं.

"तूच शिकवलंयस ना तिला?" शोलपान म्हणाली. "जा, समजाव."

हात अंगाशी आवळून तोलेगेन मेंढ्यांच्या लेंड्यांतून पोटावर सरपटत निघाला. नळी त्याच्याबरोबर वळत होती. तिच्या मनात काय आहे, कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यानं हनुवटीनंच कळ दाबली.

कर्नल ताडकन उठले, बंदुकीपाशी जाऊन खुडबुड करून परत आले. "मला मारलं कोणी?"

"बंदुकीनं, साहेब."

"मग तिला बटाटे सोलायला बसवू?"

तोलेगेननं मान खाली घातली. "मीच, साहेब. शिकवताना चुकलो."

"मग तिच्यावर पहारा तूच द्यायचा."

तोलेगेननं टाच आपटली, पण सलामासाठी हात काही वर जाईना. "साहेब... आधी तिची बॅटरी काढून ठेवू?"

कर्नलनी नुसता आपला फुगलेला खिसा थोपटला.