फोनचा एकच प्रश्न

सासूबाईंनी आयुष्यात एकदाच नाटकात काम केलं, तेही परवा. सासऱ्यांनी ते कॅमेऱ्यावर टिपलं आणि आज दुपारी त्यातलं नखाएवढं मेमरी कार्ड महिन्याभरापूर्वी घरात आलेल्या सुनेच्या हातावर ठेवलं. "तुझ्या फोनवरून हिच्या बहिणीला पाठवून दे," एवढं बोलून ते वर्तमानपत्रामागे गेले.

सुनेनं कार्ड फोनमध्ये सरकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करायचं? हो / नाही.'

फॉरमॅट म्हणजे नीटनेटकं करणं असेल, असं वाटून तिचा अंगठा 'हो'कडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर थिजला. ऑफिसात साहेबांनी एकदा असंच 'हो' म्हटलं होतं आणि तीन वर्षांच्या नोंदी पार पुसून गेल्या होत्या.

"सूनबाई, गेलं का गं?" आतून सासूबाई ओरडल्या. "ताई वाट बघतेय!"

"जातंय, आई!"

तिनं 'नाही' दाबलं. प्रश्न पुन्हा आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. कामावर गेलेल्या नवऱ्याला विचारावं, तर फोन हाच! चुकून बोट लागायचं, या धास्तीनं तिनं फोन काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा तळहातावर धरला, उलटसुलट चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुरुस्तीवाल्यानं हात पुढे केला, तशी ती किंचाळलीच, "हो म्हणू नका!"

"अहो ताई, मी अजून काही बोललोच नाही."

त्यानं कार्ड काढून कम्प्युटरला लावलं. पडद्यावर सासूबाई तलवार उपसून उभ्या राहिल्या. दोघंही एकेक पाऊल मागे सरली.

"कार्ड ठणठणीत आहे," तो म्हणाला. "कॅमेऱ्यानं ते एक्सफॅट नावाच्या नव्या पद्धतीनं मांडलंय. तुमच्या जुन्या फोनला फक्त फॅट थर्टी-टू ही आधीची पद्धत कळते. कळलं नाही की तो सरळ पुसायलाच निघतो."

तिथूनच त्यानं व्हिडिओ पाठवून दिला. ती घरी आली, तर सासरे दारातच उभे, चेहरा पांढराफटक.

"पुसलं गेलं?"

"आहे सगळं. पण बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "काल माझ्याही फोननं हेच विचारलं. जेवण गेलं नाही मला. म्हटलं, तुझ्या हातून गेलं तर ती फार बोलणार नाही. तू नवीन आहेस."

"आणि तुमच्या हातून गेलं असतं तर?"

"माझी चाळीस वर्षं झाली, पोरी."

"अहो, जरा इकडे या!" आतून हाक आली.

सासरे सुनेच्या मागे जाऊन उभे राहिले.