चाळणीला भोकं किती?

मी कुठलीही वस्तू अभ्यासाशिवाय घेत नाही. बढाई मारत नाहीये, आमच्या हिला विचारा! मागे टेबलफॅन घ्यायचा होता, तेव्हा पात्यांच्या कोनापासून मोटरमधल्या तांब्यापर्यंत सगळं वाचून काढलं आणि अगदी अचूक पंखा निवडला. तोवर थंडी पडली, ती गोष्ट वेगळी. म्हणूनच सासऱ्यांची गाडी धूर-तपासणीत नापास झाली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाबा, माझ्यावर सोडा!"

आता ही गाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार. तिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत. त्याऐवजी एक तिकोनी तुकडा आत गरगर फिरत असतो. याला म्हणतात रोटरी. सासऱ्यांनी ती ऐन उमेदीत घेतली होती. आता वय झालं म्हणून चालवणं सोडलं, आणि घरात प्रश्न उभा राहिला, की गाडी मुलाला द्यायची की जावयाला? मेव्हण्याचं म्हणणं, रक्ताचं नातं. माझं म्हणणं, पार्किंग आमच्याकडे आहे! म्हणून तूर्तास ती आमच्या इमारतीखाली उभी होती.

सासऱ्यांनी निकाल दिला. "महिनाअखेरीला पुन्हा तपासणी आहे. पास करून आणलीत तर गाडी तुमची, जावईबापू. नाहीतर धाकट्याकडे जाईल."

मेव्हणा इतकं गोड हसला की मला तिथेच शंका यायला हवी होती.

गाडी घेऊन मी थेट सायलेन्सरवाल्याकडे गेलो. हा माणूस गाड्या फक्त खालून ओळखतो. वरचं काही विचारलं की म्हणतो, "ते आपलं खातं नाही." त्यानं खाली घुसून ठोकून बघितलं आणि सांगितलं, "कन्व्हर्टर चोंदलाय, साहेब. नवा टाका. हाय-फ्लो आणा."

"आणतो की!" मी म्हणालो. कन्व्हर्टर म्हणजे काय हे मी घरी येऊन वाचलं.

तर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा. सायलेन्सरच्या अलीकडे बसतो. आत बारीक बारीक भोकांची जाळी असते. भोकं जास्त, तर धूर स्वच्छ, पण इंजिनाचा जीव गुदमरतो. भोकं कमी, तर इंजिन मोकळा श्वास घेतं, पण घाणही मोकळी सुटते. हाय-फ्लो म्हणजे कमी भोकांचा. किती कमी? इथूनच माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

सायलेन्सरवाला म्हणाला, चौरस इंचाला दोनशे. पार्ट्‌सचा दुकानदार म्हणाला, "रोटरीला? शंभर घ्या, डोळे मिटून घ्या!" रोटरीवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे विचारलं. एकानं सांगितलं चारशे. दुसऱ्यानं सांगितलं, रोटरीचा धूर इतका तापतो की शंभर काय नि चारशे काय, सगळं वितळून जाणार. तिसऱ्यानं विचारलं, डबा गोल की लांबट? मग गोलवाले आणि लांबटवाले एकमेकांच्या वडिलांपर्यंत पोचले आणि माझा प्रश्न राहिला बाजूला. मेव्हण्यानं तर, "भावजी, डबाच काढून टाका," असा सल्ला दिला. डबा काढला की तपासणीत हमखास नापास, हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं!

जेवताना ही विचारायची, "भोकांचं ठरलं का?" मी मान हलवायचो. कोणत्या दिशेनं, ते मलाच कळत नसे.

शेवटी मी प्रयोग करायचं ठरवलं. स्वयंपाकघरात चहाची गाळणी, रव्याची चाळणी आणि भाज्या धुवायची जाळी ओळीनं मांडली, बादलीत चहाची पावडर कालवली, आणि एकेकीतून पाणी ओतायला लागलो. जाळीतून सगळंच गेलं. गाळणी तुंबली. चाळणीचं काय झालं ते बघायला वाकलो तेवढ्यात बादली कलंडली, आणि तपकिरी पाण्याचा लोंढा थेट दिवाणखान्यात गेला!

हिनं दारातून बघितलं. "हे काय?"

"हाय-फ्लो," मी म्हणालो.

फरशी मीच पुसली. पण पुसता पुसता निर्णय झाला. ना गाळणी, ना जाळी. मधली चाळणी. दोनशे!

आता राहिलं माप. पाइपची रुंदी हवी होती. मी हिची शिवणाची टेप घेऊन गाडीखाली सरपटत शिरलो आणि अडकलो. पोट गाडीच्या, पाठ जमिनीच्या ताब्यात. नेमके तेव्हाच सासरे मेव्हण्याला घेऊन आले, आणि माझ्या पायांशी बोलू लागले. "जावईबापू, काही प्रगती?"

"उत्तम, बाबा!" मी आतून ओरडलो. "साडेसहा! लिहून घे गं, साडेसहा!"

हिनं लिहून घेतलं. सासऱ्यांनी नि मेव्हण्यानं एकेक पाय धरून मला बाहेर ओढलं. दुकानदारानं फोनवर दोनदा विचारलं, "साडेसहा? इंच?" मी ठणकावून सांगितलं, "इंच म्हणजे इंच! मी स्वतः खाली जाऊन मोजलंय."

पार्सल आलं ते दोन माणसांनी उचलून आणलं. एवढा कन्व्हर्टर मी जन्मात पाहिला नव्हता! आत लहान मूल लपलं असतं. शिवणाच्या टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, हे हिनं मला तेव्हा शांतपणे सांगितलं. दुकानदारानं बदलून दिला, पण मोठ्यानं हसल्यावर.

शेवटी बरोबर मापाचा, दोनशे भोकांचा, गोल हाय-फ्लो कन्व्हर्टर गाडीला बसला. मी ऐटीत किल्ली फिरवली. आणि मागून असा निळा धूर निघाला, की समोरच्या इमारतीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे पटापटा आत घेतले! पहिल्यापेक्षा जास्त धूर!

"आता हो?" मी सायलेन्सरवाल्याला विचारलं.

त्यानं डोकं खाजवलं. "चारशेचा घ्यायला हवा होता का?"

"तुम्हीच दोनशे म्हणालात!"

"म्हणालो होतो खरा," तो म्हणाला आणि पुन्हा डोकं खाजवायला लागला.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी हळूच खाली पार्किंगमध्ये गेलो. इथे एक गोष्ट सांगायची राहिली. रोटरी इंजिन थोडं थोडं तेल पितंच. तो बिघाड नाही, स्वभाव आहे. आतल्या तिकोनाला वंगण म्हणून ते तेल जळून जातं, आणि आपण अधूनमधून वरून घालायचं असतं. हे मी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि तेव्हापासून इमानेइतबारे ओतत होतो. पातळी कधी बघितली नाही, कारण कमी झालेलंच असणार हे मला वाचून माहीत होतं. कुणाला सांगितलंही नाही. त्यात सांगायचं काय?

खाली बघतो तर बॉनेट उघडं, आणि नरसाळं लावून आमची ही उभी!

"तू काय करतेयस इथे?"

"तेल घालतेय. हिला तेल लागतं, बाबांनी लहानपणीच शिकवलंय मला. तुम्ही भोकांच्या नादात विसरणार हे ठाऊक होतं."

"अगं, पण मी घालतोय की! पहिल्या दिवसापासून!"

"मीसुद्धा पहिल्याच दिवसापासून!"

खांबामागे कुणीतरी खोकलं. सासरे बाहेर आले. हातात किटली होती, आणि किटलीत चहा नव्हता.

"मी आपला फक्त रविवारी घालतो," ते म्हणाले.

"बाबा, आज शनिवार आहे."

"आज तपासणी, म्हणून जरा जास्तीचं."

तेवढ्यात फाटकातून मेव्हणा आला. आम्हाला बघताच त्यानं हात पाठीमागे नेले. तेलाचा डबा तरीही दिसत होता.

"तूसुद्धा?" मी ओरडलो.

"उद्या गाडी माझ्याकडे येणार, भावजी. आजारी कशाला येऊ द्यायची?"

मी तेल मोजायची दांडी ओढली. खुणा दिसतच नव्हत्या. दांडी मुठीपर्यंत तेलात बुडालेली! चार माणसं महिनाभर एकाच गाडीला चोरून पाजत होती, आणि ती बिचारी जमेल तेवढं मागून धुराच्या रूपानं परत करत होती.

सायलेन्सरवाल्याला बोलावलं. तेल सोडायचा नट खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ते काम त्याच्या खात्यात बसलं. एक बादली भरली, मग दुसरी. पुढे गाडी चांगली तापेपर्यंत पळवली आणि धापा टाकत तपासणीला पोचलो; बाकीची मंडळी मागून रिक्षानं आली. नळी लावली, काटा हलला. पास!

"दोनशे भोकांमुळेच ना?" मी सायलेन्सरवाल्याला विचारलं.

"असेल."

"की जुनाही चालला असता?"

"तेही असेल," तो म्हणाला. मला आजतागायत कळलेलं नाही.

पण गाडी माझी झाली होती! सासऱ्यांनी शब्दाप्रमाणे सर्वांसमोर किल्ली माझ्या हातावर ठेवली. मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. मी विजयी मुद्रेनं दार उघडणार, तोच बघतो तर सासरे बॉनेटवरून हात फिरवत होते.

"दर रविवारी फिरायला जातो सांगून तुमच्या पार्किंगमध्ये यायचो," ते म्हणाले. "तेल हे आपलं निमित्त. घटकाभर हिच्याजवळ उभं राहायला बरं वाटायचं. आता तुम्हीच सांभाळा."

मला अगदी भरून आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू? मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "असं काय बोलता, बाबा? गाडी शेवटी तुमचीच आहे!"

आता हे वाक्य आपण कसं बोलतो? पाहुण्याला 'घर आपलंच समजा' म्हणतो, तसं. पाहुणा काही सामानाचा टेम्पो घेऊन येत नाही.

"असं म्हणता?" सासऱ्यांचे डोळे लकाकले.

"म्हणजे... हो. अर्थात."

"मग आणा ती किल्ली!"

मी तोंड उघडायच्या आत ते आत बसलेसुद्धा. ही शेजारी जाऊन बसली. इंजिन घुमलं, धुराचा मागमूसही नाही. सासऱ्यांनी काच खाली केली. "मागची सीट नावालाच आहे हो. तुम्ही दोघं बसनं या!"

आम्ही दोघं स्टॉपवर उभे राहिलो. मेव्हणा म्हणाला, "भावजी, तुम्हाला ते बोलायची काय गरज होती?"

अहो, रीत म्हणून बोललो! ते खरंच घेतील असं कुणाला वाटलं होतं?