अकरावी ओळ

नरेश म्हात्रेच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर नाव नाही. नुसते आकडे. कुठल्या डब्यात काय आहे हे कळायचं असेल तर दाराच्या चौकटीला खिळ्यावर अडकवलेला कागद वाचायचा.

मागे एका लग्नासाठी मी बोर्ली पंचतनला गेलो होतो, तेव्हा त्याच्याकडे मुक्काम केला. सकाळी चहा अगोड वाटला म्हणून चार नंबरच्या डब्यातून दोन चमचे साखर घातली. आदल्या संध्याकाळी चारातच साखर होती. पण मध्ये नरेशने डबा घासून त्यात मीठ भरलं होतं, आणि कागदावर तशी दुरुस्तीही केली होती.

"कागद वाचला नाय का, दादा?"

"डब्यावर लिहायला तुला काय होतं रे?"

"डब्याला कशाला सांगायचं आत काय हाय ते? उद्या बदललं की डबा खरवडत बसू? बदलणारं सगळं बाहेर ठेवायचं."

"बाहेर ठेवायचं" हा त्याचा मंत्र. नवी मुंबईतली कंपनी सोडून तो गावी परतला आणि घरी बसून लोकांना वेब ॲप बनवून देऊ लागला. लग्न केलं नाही. गिऱ्हाइकं सातच: आम्ही खोल्यावाले पाच, एक मसालेवाली आणि एक होडीवाला.

मी रेवदंड्याला सायकलवरून बर्फाच्या लाद्या पोचवत वर आलो. आज माझ्या पर्यटकांसाठी आठ खोल्या आहेत आणि त्यांचं बुकिंग नरेशच्या ॲपवर होतं. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोलीचा दर, फोन नंबर, काय ते एकदाच ॲपच्या आत लिहून टाक आणि मोकळा हो. तो हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, "आत नाय. बाहेर."

मग ॲप जिथून चालतं त्या होस्टिंगचं एक पान त्याने मला दाखवलं. डावीकडे इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव, उजवीकडे त्याचं उत्तर. दर इतका, फोन हा, पासवर्ड तो. याला एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. ॲपला जोडलेला एक छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, त्याने स्वतः लिहिलाय. ॲप सुरू होताना ते हे पान वरून खाली वाचतं. एक जरी ओळ नसेल तर ॲप सुरूच होत नाही.

"अर्धवट माहितीवर दुकान उघडण्यापेक्षा बंद बरं," असं त्याचं म्हणणं. शिवाय ॲप रोज सकाळी सहाला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. का, तर माणसासारखं त्यानेही दिवसातून एकदा झोपून उठावं.

पानाचा पासवर्ड त्याने माझ्याकडे दिला आणि स्वतःकडे ठेवला नाही. "चावी घरमालकाकडे," म्हणाला. त्यामुळे दर बदलायला मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे मान्य करतो.

पण ओळी अकरा होत्या. मी आयुष्यात कोणाचा पहिला आकडा ऐकून घेतलेला नाही.

"सातात बसव," मी म्हटलं.

"दादा, ही काय कोलंबी हाय?"

"बरं, आठ."

"अकरा."

तो अकरावरून हलला नाही. माझ्याशी घासाघीस करून न हललेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि ते मला लागलं होतं.

मोठ्या सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी मी दर वाढवायला ते पान उघडलं. शेवटची ओळ तेव्हा कुठे नीट वाचली. डावीकडे इंग्रजी अक्षरांत 'उठलास का'. उजवीकडे 'हो'. बस, एवढंच. याच्यासाठी हा माझ्याशी अडून बसला होता. मी ओळ पुसली. ॲप व्यवस्थित चालू राहिलं. दहात भागतं, हे सिद्ध झालं म्हणून मला रात्री झोपही चांगली लागली.

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नरेशचा फोन आला. इतक्या सकाळी फोन करणाऱ्याला काहीतरी मागायचं असतं, हा माझा अनुभव. मी फोन आवाज बंद करून उलटा ठेवला.

नऊला कळलं की ॲप पहाटेपासून बंद आहे. दोन कुटुंबं कंटाळून मुरुडला गेली. मी नरेशला फोन लावत होतो आणि आता तो उचलत नव्हता. त्या शनिवारचा राग माझ्या मनात अजून आहे आणि तो मी सोडणार नाही.

दहाच्या सुमाराला त्याची स्कूटर फाटकात आली. दिघीहून पहिली फेरीबोट पकडून आगरदांड्याला उतरला होता आणि तिथून सरळ इकडे. मी तोंड उघडलंच होतं, त्याआधी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरे हाव ना, दादा?"

"मला काय धाड भरलीय? तुझं ॲप मेलंय."

"ते ठीक हाय," तो म्हणाला. "सहाला तुमचा 'हो' आला नाय. फोन पण उचलला नाय. मला वाटलं, काय झालं काय."

मग मला त्याच्या घरची ती सकाळ आठवली. सहाला तो फोन समोर ठेवून ओट्याशी उभा होता. फोन सात वेळा वाजला, तेव्हा त्याने चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं होतं, लोकांचे सुप्रभातचे निरोप असतील.

"ती ओळ कशाला रे?" मी विचारलं.

"आई रोज सहाला चुलीपासून हाक मारायची. उठलास का? 'हो' म्हटल्याशिवाय चहा ठेवायची नाय." तो हेल्मेटचा पट्टा गुंडाळत होता. "आता ॲप उठलं की प्लगइन तुमचा 'हो' मला पाठवतं. सगळ्या सातांचा."

"मग कोडातच लिहायचं ना. मी पुसलं नसतं."

"आत लिहिलं तर ते आपलं आपणच बोलल्यासारखं. उत्तर बाहेरून यायला पायजे."

"बरं, अकरा तर अकरा," मी म्हटलं. पान उघडून मी शेवटची ओळ माझ्या हाताने लिहिली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे 'हो'. ॲप सुरू केलं.

त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून पाहिला, परत ठेवला आणि मग कुठे खुर्चीवर बसला.

"वहिनींना सांगा," तो म्हणाला. "आता चहा चालेल."