रशीदभाईंच्या इम्पाला

अमरावतीच्या राजापेठेत एकदा एक वरात अर्धा तास अडली, कारण नवरदेवाच्या गाडीचं दार उघडून रशीदभाई तिथं उकिडवे बसले होते. गाडी जुनी अमेरिकन इम्पाला होती, एवढाच नवरदेवाचा गुन्हा. "दुल्हेमियाँ, तुमी आरामात बसा. मले फक्त नंबर पायजे," म्हणत त्यांनी दाराच्या खांबावरच्या पट्टीचा आकडा वहीत उतरवला आणि वर नवरदेवाला मुबारकबादही दिली.

रशीदभाई माझे शेजारी. अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची इम्पाला त्यांनी बावीस वर्षं चालवली. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो हे त्यांना कळलं आणि मग माझी सुटका नव्हती. शेठजींची गाडी ज्या सालची, त्या साली कंपनीनं इम्पाला किती बनवल्या, हे त्यांना काढायचं होतं. मी रीत सांगितली: सापडलेला सगळ्यात मोठा नंबर घ्यायचा आणि नंबरांमध्ये सरासरी जेवढं अंतर पडतं तेवढं त्यात मिळवायचं. झालं! अमरावती-अकोला पालथं घालून त्यांनी तेरा नंबर जमवले. मोठा नंबर सापडून अंदाज वाढला की आळीत पेढे वाटत. कोणी हसलं तर म्हणत, "अंदाज हाय, झूट नाई."

वहीतला पहिला नंबर शेठजींच्या गाडीचा. कापसाचे वाईट दिवस आले, जिनिंग बंद पडली, गाडी विकली गेली. कुठं गेली ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"जितक्या जास्त बनल्या, तितक्या जास्त वाचल्या असतीन ना सर?" ते एकदा म्हणाले. "त्यातच आपली बी असन. लगन करून अमीनाले शेंदूरजन्याहून तिच्यातच आणलं. शेठ म्हणे, आज तू मागं बस, गाडी मी चालवतो. तवापासून दर जुम्म्याले राख लावून तिची पट्टी घासायचो. मधला एक आकडा पार सपाट झाला."

अमीनाभाभींना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. अंदाज कितीही वाढला तरी रशीदभाईंच्या गाडीचं त्यातून काही कळणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मग एका दुपारी त्यांनी एक पट्टी माझ्या हातात ठेवली. अकोल्याच्या भंगारवाल्यानं तोडलेल्या कुठल्याशा इम्पालाची होती. मोतीबिंदूमुळे त्यांना आता वाचता येत नव्हतं. "चौदावा नंबर. वाचा सर."

मी पाहिलं. तो वहीतला पहिलाच नंबर होता.

काहीतरी भलामोठा आकडा मी वाचून दाखवला. "वा, अंदाज वाढला की!" मीच म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं.

रशीदभाईंनी पट्टी परत घेतली. उठावदार आकड्यांवरून त्यांचा अंगठा सावकाश फिरला आणि मध्ये एका जागी थांबला. बराच वेळ तो तिथंच होता. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं.

पट्टी त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"लिवा सर, तुमी वाचला तोच," ते म्हणाले. "अंदाज हाय, झूट नाई."