आठ दिवस म्हणजे किती

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला बेल वाजली, दारात लेक उभी दिसली, आणि घड्याळजींची नजर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. सगळा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांचा वार चुकणं शक्य नव्हतं. लेक यायची ती रविवारी. काल रविवार होता. काल ते दाढीबिढी करून, चार महिन्यांच्या नातीसाठी पलंगावर धुतलेली चादर घालून, दुपारपर्यंत जिन्याकडे कान लावून बसले होते.

"आले की नाही बरोब्बर दहाला?" बारकीला कडेवर सावरत लेक म्हणाली.

"अगदी," घड्याळजी म्हणाले. दमून आलेल्या लेकीवर वाराचा वार कोण करणार!

पुढच्या आठवड्यात ती मंगळवारी आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवारी. म्हणजे जावई कामावर असताना. मंगळवारी तर बारकीला त्यांच्या मांडीवर ठेवून "पाचच मिनिटं हं, बाबा" म्हणून आडवी झाली आणि तीन तास झोपली. उठल्यावर त्यांनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना गं?"

"ठीकच की," असं म्हणताना तिनं जबडा निखळेल एवढी मोठी जांभई दिली. डोळ्यांत पाणी आलं. घड्याळजींना जांभई दिसलीच नाही, पाणी तेवढं दिसलं.

बुधवारी मात्र त्यांना राहवेना. त्यांनी विहीणबाईंना फोन लावला. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं. पण विहीणबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं.

"जावईबापू... रविवारी घरीच असतात ना?"

"का? काय केलं त्यानं?"

"केलं असं काही नाही—"

"म्हणजे केलंय."

अर्ध्या तासात त्यांनी आपल्या मुलाची उलटतपासणी उरकली. बिचारा इतका गडबडला की कुणी न केलेले आरोपही कबूल करून बसला. रात्री बारकी रडली की आपण झोपेचं सोंग घेतो, हे त्यानं सांगितलं. आणि हल्ली रविवारी सासऱ्यांकडे जायला कुणी उठवत नाही, म्हणून आपणही विषय काढला नाही, हेही.

सोम, मंगळ, बुध, म्हणजे आता गुरुवार, असा हिशोब विहीणबाईंनी बांधला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दहाला लेक आली, तर वडिलांच्या खोलीत रजा टाकून आलेला नवरा, त्याच्या शेजारी सासूबाई, आणि सगळ्यांच्या माना खाली. ती दारातच थिजली. "कोण गेलं?"

"गेलं कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू जाणारेस का, ते सांग."

"कुठे?"

"सोडून!"

"कुणाला?"

"मी उठत जाईन गं," नवरा काकुळतीला आला. "यापुढे तिच्या पहिल्या हाकेला उठेन, शप्पथ!"

"म्हणजे इतके दिवस जागा असायचास तू?"

प्रकरण चिघळायला लागलं तसे घड्याळजी मधे पडले. "पोरी, रविवार सोडून भलत्याच वारी माहेर गाठतेस. बापाला काय वाटेल?"

"भलत्या वारी? बाबा, बाळंतपणाच्या रजेत मला कुठले आलेत वार! फोन म्हणतो 'आज बाबांकडे', मी हिला उचलते नि निघते."

आता सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. फोनमधला तो बोलका मदतनीस आजवर सांगितलेलं टिपून ठेवायचा नि त्या त्या दिवशी आठवण करून द्यायचा. गेल्याच आठवड्यात जावयानं त्याला नवी सोय जोडून दिली होती: पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी शोधून वाचून दाखवायची. जावयानंच विचारलं, "बाबांकडे जायचं कधी कधी आहे?"

"मागच्या नोंदी रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार," आवाज गोड होता. "आज गुरुवार. पुढची शुक्रवारी. दर आठ दिवसांनी, सांगितल्याप्रमाणे."

"अरे शहाण्या, आठ दिवसांनी म्हणजे सातव्या दिवशी!" गणिताच्या बाई कडाडल्या.

"आठ दिवस म्हणजे सात दिवस का?" त्यानं अदबीनं विचारलं.

"हो. आणि पंधरा दिवस म्हणजे चौदा," जावयानं शिकवायला घेतलं.

"आणि ह्याचं 'दोन मिनिटांत आलो' म्हणजे अर्धा तास," लेक म्हणाली. "तेही टिपून ठेव."

घड्याळजी मटकन पलंगावर बसले. चष्मा काढून पुसला. "म्हणजे भांडण नाही तुमचं?"

"आत्तापर्यंत नव्हतं," नवऱ्याकडे बघत लेक म्हणाली.

जावयानं चपळाईनं फोन उचलला. "दर रविवारी दहा वाजता बाबांकडे. ते आठ दिवसांचं काढून टाक."

"आठ दिवसांच्या पुढच्या सगळ्या नोंदी काढून टाकू?"

"थांबा," घड्याळजी म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी बारकीचं टोपडं नीट केलं, जे नीटच होतं. "रविवारी तू पाहुणी म्हणून येतेस गं. मी चादर बदलतो, तू दोन तास बसतेस, जातेस. त्या मंगळवारी तू झोपलीस इथे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा." जावयाकडे न बघता ते म्हणाले, "रविवार वाढवा की. पण हे राहू द्या."

विहीणबाईंनी पदरानं उगाचच चष्मा पुसला. लेकीनं मान हलवली तशी जावयानं रविवारची नोंद वाढवली.

"नोंद केली," मदतनीस म्हणाला. "मात्र पुढे एका रविवारी दोन्ही नोंदी सकाळी दहालाच येत आहेत. त्यातली एक काढून टाकू?"

घड्याळजी फोनजवळ वाकले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले,

"अजिबात नाही. दोनदा येईल ती!"