देवाजीभाऊ रुजू होतात

आमच्या शेजारच्या देवाजीभाऊंना भाजी खारट लागली, तर ते "भाजी खारट झाली" असं म्हणत नाहीत. ताट जरा पुढे सरकवतात आणि गंभीरपणे म्हणतात, "सुलोचना, ही अनुचित कामगार प्रथा होय." कोंबडा फार लवकर आरवला, अनुचित प्रथा. लाइट गेली, अनुचित प्रथा. एकदा कॅरममध्ये मी त्यांच्या तोंडची राणी घेतली, तेव्हा माझ्यावरही हेच कलम लागलं.

हे शब्द त्यांना कोर्टानं शिकवले. भाऊ राइस मिलमध्ये हमाल होते. मजुरी वाढवून मागण्यासाठी संप झाला, मालकानं सगळ्या संपकऱ्यांना एका झटक्यात काढून टाकलं आणि युनियन कामगार न्यायालयात गेली. मग तारखांवर तारखा. भाऊंनी एकही चुकवली नाही. परत आले की दोन्ही वकिलांची भाषणं गल्लीला ऐकवायचे, मालकाच्या वकिलाच्या खोकल्यासकट.

या काळात घर चाललं ते सुलोचनाबाईंच्या विड्यांवर. भाऊंना विडी काही जमली नाही. त्यांची विडी मध्येच पोट काढायची आणि ठेकेदार ती बाजूला फेकायचा. म्हणून तेंदूची पानं कापायचं काम त्यांच्याकडे आलं. पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कडेनं कैची फिरवायची. पाठीवर तांदळाची पोती वाहणारा हा दांडगा माणूस इवल्याशा कैचीशी झटताना पाहून गल्लीची चांगलीच करमणूक झाली. बाई वळायच्या, भाऊ कापायचे, आणि दोघांचं भांडण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अखंड चालायचं. विषय कुठलाही चालत असे.

गेल्या महिन्यात निकाल लागला. कामगारांना काढणं बेकायदेशीर, सगळ्यांना पूर्वीच्या कामावर परत घ्या! गल्लीत गुलाल उधळला. पोरांनी भाऊंना खांद्यावर घेतलं. भाऊंचा चेहरा मात्र पडलेला होता.

रुजू व्हायची मुदत संपत आली. बाकीचे सगळे कामावर गेले, भाऊंचा पत्ता नाही. शेवटच्या दिवशी युनियनवाल्यांनी मला पाठवलं. भाऊ आपले सुपापुढे बसून पानं कापताहेत.

"भाऊ, आज गेला नाहीत तर मालक म्हणेल, यालाच काम नको होतं. हाती आलेलं घालवाल."

"जाऊन राहिलो ना मास्तर. एवढी पानं होऊ द्या."

सुलोचनाबाई कडाडल्या, "आठ दिवसांपासून एवढीच पानं होऊन राहिली! काऊन नाई जात, इचारा बरं तुमीच!"

भाऊंनी कैची खाली ठेवली.

"मास्तर, मिलमधी होतो तई अंधारात जावो, अंधारात येवो. खाल्लं का झोपलो. घरात कोन बाई हाय, मले मालूमच नोतं. कामावरून काढलं, तई हिची ओरख झाली." मग ते हळूच म्हणाले, "आता दिवसभर कोनासंगं भांडू?"

खरं सांगतो, इतकं साधं आणि इतकं सुंदर काही मी नवऱ्याच्या तोंडून बायकोविषयी ऐकलेलं नाही. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण आवाज तसाच ठेवला.

"जा मुकाट्यानं. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन मीच येतो गेटावर."

"सारे पाहतीन ना वो."

"पाहू द्या."

भाऊ गेले. मलाही राहवेना. दुपारी मुद्दाम मिलच्या रस्त्यानं सायकल काढली. गेटाजवळ लिंबाच्या सावलीत दोघं बसली होती. भाऊ नखशिखांत भाताच्या कोंड्यानं माखलेले. त्यांच्या भुवयांवरचा कोंडा पदरानं पुसत सुलोचनाबाई त्यांना कशावरून तरी झापत होत्या, आणि भाऊ डोळे मिटून ऐकत होते.