फोतिनीची कविता

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, तिकडे ग्रीस देशातल्या ऑलिव्हच्या जंगलात, लाम्ब्रोस नावाचं एक साळिंदर राहत होतं. लाम्ब्रोस कवी होता. कविता सुचली की तो स्वतःच्याच पाठीचा काटा उपटायचा आणि अंजिराच्या पानावर लिहायला बसायचा.

बाकीचे कवी पूर्वजांवर लिहीत. पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वीच गेलेले, त्यामुळे कुणाला राग यायचा प्रश्न नव्हता.

एकदा शेजारची फोतिनी मेंढी एकटीच पाण्यावर गेली, ती परत आलीच नाही. लाम्ब्रोसला राहवेना. त्यानं सरळ लिहिलं, ‘फोतिनीला लांडग्यानं खाल्लं.’

आता पंचाईत अशी, की राजा लांडगाच होता.

राजानं त्याला बोलावून घेतलं. “कविवर्य, झकास जमलीय! फक्त ‘लांडग्यानं’ काढून ‘नियतीनं’ घाला. किती भारदस्त वाटेल!”

“वाटेल, महाराज. पण तिला नियतीनं नाही ना खाल्लं.”

झालं! कवितेवर बंदी आली आणि लाम्ब्रोसची रवानगी समुद्रातल्या एका उघड्याबोडक्या खडकावर झाली.

पण बंदी आल्यावर कविता तोंडोतोंडी झाली. मेंढ्या ती एकमेकींच्या कानात सांगत आणि पाण्यावर घोळक्यानंच जात. लांडग्यांच्या पोटाचे फार हाल झाले.

बारा वर्षांनी म्हातारा राजा मेला. गादीवर त्याचा पुतण्या आला. तो शिकलेला होता. त्यानं लाम्ब्रोसला वाजतगाजत परत आणलं, शाल पांघरवली आणि कविता चौथीच्या पुस्तकात घातली.

“शब्द बदललात?” लाम्ब्रोसनं भीतभीत विचारलं.

“छे! काना-मात्राही नाही.”

लाम्ब्रोसला रडू आवरेना. बारा वर्षांचं चीज झालं असं त्याला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तो शाळेत गेला. मिर्तो नावाच्या कोकरीनं कविता खणखणीत म्हणून दाखवली. ती फोतिनीची नात.

“शाब्बास! मग सांग, काय झालं फोतिनीचं?”

मिर्तो घडाघडा म्हणाली, “फोतिनी म्हणजे निरागसता. लांडगा म्हणजे नियती. संदर्भासह स्पष्टीकरण, पाच गुण.”

“अगं पोरी, ती तुझी सख्खी आजी होती!”

“ते परीक्षेला नाहीये, आजोबा.”

तेवढ्यात शाळा सुटली. मिर्तोला तहान लागली होती. ती पाण्यावर गेली, एकटीच.

तात्पर्य : कवितेवर बंदी घालणारे राजे उपाशी मरतात. शहाण्या राजानं कविता पाठ्यपुस्तकात घालावी आणि खाली स्वाध्याय द्यावा.